विहीर, पुळण आणि सडा : आमच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकवते. हातात फीत, पाठीला सॅक आणि मागे चार-पाच विद्यार्थी अशी आमची वरात वाडीत शिरली की पडवीत बसलेल्यांचे प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न पुढे फोनवर येतात, पालकसभेत येतात, पत्रकारांकडून येतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हा खटाटोप.

तुम्ही नेमकं शोधता काय? सोनं की पाणी?

सोनं नाही. पाणी शोधतो असंही म्हणता येणार नाही; जे आहे ते कुठून येतं आणि कुठे जातं ते पाहतो. कोकणात आमच्या विषयाला चार गोष्टींभोवतीच फिरावं लागतं : जांभा, पाऊस, खाडी आणि समुद्र. कुणी जांभ्यातल्या पाण्यावर काम करतं, कुणी किनाऱ्याच्या वाळूवर, कुणी कांदळवनातल्या गाळावर, कुणी दरडींवर. सोन्याबद्दल विचारणाऱ्यांना एवढं सांगते की रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर जी काळी वाळू दिसते तिच्यात इल्मेनाइट हे खनिज असतं. त्यातून टायटॅनियम मिळतं. काळबादेवीच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, लोहचुंबक फिरवून बघा, काळे कण चिकटून येतात. पोरांना हा खेळ फार आवडतो.

"मॅडम, बावीचा पाणी शिमग्याकच कित्याक आटता?"

सावंतवाडीकडच्या एका आजींनी विचारलेला हा प्रश्न (विहिरीचं पाणी होळीलाच का आटतं?) मी त्यांच्याच शब्दांत ठेवलाय. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी पावसाचा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे तुमच्या गुंठाभर अंगणावर दर पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी ओतलं जातं. दहा हजार लिटरचे तीस टँकर! त्याच अंगणात मे महिन्यात टँकरची वाट बघत हंडे मांडलेले असतात.

मग हे पाणी जातं कुठे? स्वयंपाकघरातली रोवळी घ्या, तिच्याखाली किंचित तिरकी परात ठेवा आणि वरून पाणी ओता. रोवळी म्हणजे जांभा. तो भोकाभोकांचा दगड, आत नळीसारख्या पोकळ्या. पाणी त्यातून झरझर खाली जातं. परात म्हणजे जांभ्याखालची पांढुरकी-पिवळसर चिकणमाती. विहीर खणणाऱ्या गड्यांना ती बरोबर ठाऊक असते. पाणी तिच्यातून सहजासहजी खाली जात नाही, म्हणून आडवं सरकतं आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कडेला झरा होऊन बाहेर पडतं. तिथून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पऱ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात. आपल्या नद्या सह्याद्रीतून निघून जेमतेम शंभर किलोमीटरच्या आत समुद्र गाठतात, त्यामुळे रेंगाळायला जागाच नाही. गणपतीत भरून वाहणारी विहीर शिमग्याला तळ दाखवते ती यामुळे. तिच्यात पाणी आलं नाही असं नव्हे. आलं आणि निघून गेलं.

आता आम्ही तिथं काय करतो ते सांगते. ठरलेल्या विहिरींवर दर महिन्याला जातो. पोलादी फितीच्या शेवटच्या मीटरभर भागाला निळा खडू फासायचा, फीत आत सोडायची, काठावरच्या खुणेशी आकडा धरायचा आणि वर ओढायची. जिथपर्यंत खडू ओला होऊन गडद झाला तिथं पाणी. बस्स, एवढंच. ही पद्धत आमच्या आजोबांच्या काळातली, पण बॅटरी लागत नाही आणि कधी खोटं बोलत नाही. एकच पथ्य आहे : सकाळचा पंप सुरू व्हायच्या आधी मोजायचं. एका वर्षी एका विद्यार्थ्याने सगळे आकडे दुपारी घेतले. पंप चालून गेलेल्या विहिरी होत्या, त्यामुळे वर्षभराची वही वाया गेली. त्याला रागावले नाही; पथ्य मीच नीट सांगितलं नव्हतं.

मग बोअर मारू का?

दर उन्हाळ्यात हा फोन येतो, आणि बोअरची गाडी बहुतेक वेळा दारात उभी राहिल्यावर येतो. जांभा आणि चिकणमाती ओलांडली की खाली काळा कातळ लागतो. हा बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा. त्यात पाणी असतं ते भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. भेग सापडली तर पाणी, नाही तर धूळ. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं म्हणून तुमच्याही लागेल असं नसतं.

खाडीकाठी किंवा किनाऱ्यालगत राहत असाल तर जास्त जपून. जमिनीतलं गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गणित असं सांगतं की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक मीटर थर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी असू शकतं. हे ऐकून लोक खूश होतात. पण हेच गणित उलटंही चालतं. उपसून वरची पातळी एक मीटर उतरवलीत की खालचं खारं पाणी त्याच चाळीसपट प्रमाणात वर चढायला लागतं. एकदा विहीर मचूळ झाली की ती पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, ते मी सांगू शकणार नाही.

बोअरच्या खर्चात पऱ्यावर सिमेंटच्या पिशव्यांचे वनराई बंधारे घातलेत तर वाडीला जास्त फायदा होईल, हे माझं वैयक्तिक मत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पऱ्या वाहता असतानाच घाला. जानेवारीत घातलेला बंधारा फक्त फोटोला बरा दिसतो.

समुद्र आत येतोय का?

काही ठिकाणी येतोय, काही ठिकाणी नाही, आणि काही ठिकाणी चक्क मागे सरकतोय.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातले उपग्रह नकाशे ताडून पाहिले. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा साधारण चौथा हिस्सा झिजतोय, दहावा हिस्सा वाढतोय आणि उरलेला मोठा भाग जागच्या जागी आहे, असा त्याचा सारांश. रत्नागिरीजवळच्या मिऱ्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला या सरासरीने काही दिलासा मिळत नाही, हे मला कळतं. त्याच्या घरामागचा बंधारा दर पावसाळ्यात ढासळतो, आणि त्याच्यापुरतं शंभर टक्के सत्य तेच.

एक गोष्ट मात्र नक्की समजून घ्या. पुळण वर्षभर एकसारखी नसते. पावसाळ्याच्या उंच लाटा वाळू ओढून नेतात आणि थोडं आत पाण्याखाली साठवतात. दसरा-दिवाळीनंतर लाटा निवल्या की तीच वाळू हळूहळू परत येते. ऑगस्टमधला एक फोटो आणि मागच्या फेब्रुवारीतला एक फोटो शेजारी ठेवून "पाहा, किनारा खचला" अशी बातमी दरवर्षी छापून येते. तुलना करायची तर फेब्रुवारीची फेब्रुवारीशी, आणि तीही निदान दहा वर्षांची.

हे मोजायला आम्ही वापरतो दोन काठ्या आणि क्षितिज. चेष्टा नाही. सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या आणि मागच्या काठीवरून पुढच्या काठीकडे बघत नजर क्षितिजाला लावायची. नजरेची रेघ काठीवर जिथं पडते त्यावरून उतार कळतो. माडाच्या मुळापासून पाण्यापर्यंत असं पावलापावलाने जायचं. दर महिन्याला, त्याच जागी, त्याच ओहोटीला.

जागतिक पातळीचं म्हणाल तर आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. वीतभरच तर आहे, असं वाटेल. ही वीत अमावस्येच्या उधाणावर आणि त्याच वेळी आलेल्या वादळावर चढते तेव्हा तिचं वजन कळतं. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवशी ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

एवढी मोजमापं करून उपयोग काय? निष्कर्ष कधी?

याला उत्तर म्हणून मी विद्यार्थ्यांना अलिबागला घेऊन जाते. कुलाबा किल्ला बघून सगळेच येतात. तिथल्या चुंबकीय वेधशाळेबद्दल फार थोड्यांना माहिती असते.

मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. पुढे शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रॅम येणार असं ठरलं. ट्रॅमच्या विजेने सुया थरथरणार आणि नोंदी बिघडणार, म्हणून वेधशाळाच समुद्रापलीकडे अलिबागला हलवली. तिथलं काम १९०४ साली सुरू झालं, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्रॅम धावली. अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडाची. आपला जांभा किंवा काळा दगड का नाही? कारण त्यांत लोह असतं आणि सुईला ते सहन होत नाही.

आता खरी गंमत. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्या दिवशीही रोजच्यासारखे आकडे लिहिले. त्यांना त्याचा अर्थ लागणं शक्यच नव्हतं. जवळजवळ दीडशे वर्षांनी, उपग्रह आणि वीजवाहिन्यांना अशा वादळाचा धोका किती हे ठरवायची वेळ आली, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांना त्या वहीतले आकडे उपयोगी पडले. ज्याने ते लिहिले त्याला कुणी "निष्कर्ष कधी?" असं विचारलं असेल का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांसमोर टाकते आणि वड्याची ऑर्डर देते.

आमच्या डोंगराची दरड कोसळेल का, ते सांगाल?

कुठे कोसळू शकते ते काही प्रमाणात सांगता येतं. कधी, ते नाही. जो तारीख सांगेल त्याच्यापासून लांब राहा.

२००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन. २२ जुलै २०२१ ला तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. महिना एकच आहे, हे लक्षात आलं असेल. जूनमध्ये माती पाणी पिऊन घेते. जुलैत ती तुडुंब असते आणि त्यावर दोन-तीन दिवस मुसळधार पडला की मातीच्या कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांपासून अलग करायला लागतं. उतार तीव्र, मातीचा थर जाड, खाली घट्ट कातळ आणि त्यात पायथ्याशी कुणी रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगर उभा कापलेला असला, तर आधार गेलाच.

विद्यापीठांतले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लोक याचे नकाशे करतात. पण नकाशा वाडीच्या पातळीवर फार ढोबळ असतो. तुमच्या डोळ्यांना जे दिसतं ते उपग्रहाला दिसत नाही. म्हणून या खुणा पाठ करा : जमिनीला नवी लांबट भेग पडणं, सरळ असलेली झाडं किंवा विजेचे खांब एका बाजूला कलणं, नेहमीचा झरा अचानक गढूळ होणं, किंवा भर पावसात बंद पडणं, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागणं. यातली एक दिसली तरी तलाठ्याला कळवा आणि त्या रात्री तिथं झोपू नका. घर रिकामं ठेवून काही झालं नाही, तर नुकसान एका रात्रीच्या झोपेचं.

चिपळूणचा पूर कुणामुळे आला?

२२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल विचारताना लोकांना एक नाव हवं असतं. माझ्याकडे एक नाव नाही. खोऱ्यात अफाट पाऊस, वाशिष्ठीच्या पात्रातला गाळ, खाडीतली भरती, पूररेषेतली बांधकामं, आणि घाटावरच्या कोयनेचं वीज करून झालेलं पाणी पश्चिमेला वाशिष्ठीतच येतं हे वेगळं. यातल्या कशाचा वाटा किती यावर वाद झाले, आणि आकडे तासातासाचे नसतील तर वाद मिटत नाहीत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पाणी दोन तास आधी आलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. म्हणूनच मी नदीकाठच्या दुकानदारांना सांगते की भिंतीवरची पुराची रेघ रंगवून टाकू नका. तिच्या शेजारी तारीख आणि वेळ लिहा.

कोयनेचा भूकंप पुन्हा होईल? आणि गरम पाण्याची उन्हाळी म्हणजे ज्वालामुखी का?

कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या जलाशयामुळे चेतलेल्या भूकंपांत तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. त्या भागात अजून धक्के बसतात, म्हणून कराडला केंद्र उभारून खोल भोकं पाडून खडकाचा अभ्यास चाललाय. पालघरमध्ये डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिका लागली, ती वेगळी गोष्ट. तिथं कोयनेसारखं धरण नाही.

उन्हाळ्यांचं म्हणाल तर तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे, सव, गणेशपुरी सगळे एकाच पट्ट्यातले. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. ज्वालामुखीची भीती नको. खुशाल अंघोळ करा.

सड्यावर तर काहीच नसतं. तिथं काय अभ्यासता?

या प्रश्नावर मला दरवेळी थोडा राग येतो, माफ करा.

मे महिन्यात सड्यावर गेलात तर खरंच काळा-तांबडा कातळ आणि वाळकं गवत. सातबाऱ्यावर तो पोटखराबा म्हणून लागलेला असतो. तोच सडा भाद्रपदात बघा. सीतेची आसवं जांभळा गालिचा अंथरतात. ही वनस्पती किडे पकडून खाते, कारण खाली मातीच नाही, नत्र आणणार कुठून? जूनच्या पहिल्या सरींत कोकण दिपकाडीचे पांढरे घोस येतात. तिचं घरच हे सडे, जगात इतरत्र ती जवळजवळ नाही. कातळातल्या डबक्यांत बेडूक, खेकडे. आणि हाच सडा खालच्या सगळ्या वाड्यांच्या झऱ्यांची रोवळी. वर चिरेखाण काढली किंवा सपाट करून काँक्रीट ओतलं, तर खालच्या झऱ्याचं काय होणार ते सांगायला प्राध्यापक लागत नाही.

सड्यांवर कातळशिल्पंही आहेत. कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरुण, सिंधुदुर्गातलं कुडोपी. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. देवाचे गोठण्याच्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. मी स्वतः पाहिलंय. "ती किती जुनी?" याचं उत्तर सोपं नाही, कारण कातळात कोरलेल्या रेघेत कार्बन कालमापनाला लागणारं लाकूड, हाड, कोळसा असं काही नसतं.

प्रकल्प आला की तुम्ही कोणाच्या बाजूने असता?

मोजमापाच्या. हे उत्तर दोन्ही बाजूंना आवडत नाही.

पर्यावरण परिणामाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाआधी अहवाल करावा लागतो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. अहवालाची मूळ आकडेवारी बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची, घेतली जाते. आता वरच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा. सडा जिवंत असतो पावसाळ्यात, झरे वाहतात पावसाळ्यात, दरडी कोसळतात पावसाळ्यात, आणि अहवालवाले येतात मार्चमध्ये. कोकणाला कोरड्या हंगामात मोजणं म्हणजे माणसाची प्रकृती तो झोपलेला असताना तपासण्यासारखं. मी प्रकल्पाच्या विरोधात बोलते आहे असं कुणाला वाटलं तर वाटो. वर्षभराचे आकडे घ्या आणि मग काय तो निर्णय करा, एवढंच म्हणणं आहे.

जनसुनावणीत बोलायचं असेल तर अहवाल आधी वाचा. झऱ्यांची यादी पान उलटून शोधा. तुमच्या वाडीचा झरा त्यात नसेल, तर सभेत तेच एक वाक्य बोला.

तिवरं शेतात घुसली आहेत. तोडली तर गुन्हा. आम्ही काय करायचं?

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, २०१२ मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, आणि २०२० मध्ये पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. हे सगळं हवंच होतं. तिवर, कांदळ, चिपी नसती तर खाड्यांचे काठ केव्हाच ढासळले असते, आणि कोळंबीची पिल्लं वाढली कुठे असती?

पण खारभूमीचा बांध फुटतो, वेळेत दुरुस्त होत नाही, दर उधाणाला खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि पाच-सात वर्षांत तिथं तिवरांचं रान उभं राहतं. शेतकऱ्याची पिढीजात खारजमीन कागदावर जंगल होते. तक्रार खोटी नाही. इथं आम्ही मदत करू शकतो ती नकाशांची. लँडसॅट उपग्रहाची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना फुकट मिळतात. बांध कधी फुटला आणि झाडं कधी आली, हे त्यावरून दाखवता येतं. शेत टिकवता येण्यासारखं असेल तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या खार सहन करणाऱ्या भाताच्या जाती विचारात घ्या.

कासवं, मासे, आंबा यांवर तुम्ही काम करता का?

नाही. आंबा, काजू, भातासाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ (१९७२ पासून) आणि त्याचं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र. मासळीसाठी रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. समुद्रविज्ञानासाठी गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ. कासवांचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या लोकांना बरोबर घेऊन सुरू केलं. जानेवारी २०२२ मध्ये तिथंच 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं गेलं. पुढे गुहागरची 'बागेश्री' तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

पैसा कोण देतं?

मोठ्या प्रकल्पांना केंद्राचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय, विज्ञान-तंत्रज्ञान विभाग आणि २०२३ च्या कायद्याने झालेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. छोट्या महाविद्यालयांना विद्यापीठाचं किरकोळ अनुदान. खडूची कांडी आणि एसटीचं तिकीट बऱ्याचदा आमच्या खिशातून. यंत्रं मात्र महाग असतात आणि कोकणातली हवा त्यांना खाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही, आणि फ्रीजमध्ये जपलेले खाडीच्या गाळाचे नमुने कुजून गेले. दीड वर्षाची मेहनत होती. वास अजून आठवतो.

मुलीला यात पीएचडी करायची आहे. पुढे काय?

आधी एमएस्सी : भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र, समुद्रविज्ञान किंवा भूगोल. मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. पृथ्वी-वातावरण-समुद्र विज्ञानासाठी सीएसआयआरची परीक्षा, पर्यावरणशास्त्रासाठी यूजीसीची. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, आणि एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. म्हणून मार्गदर्शक निवडायच्या आधी त्यांच्याकडे जागा आहे का ते विचारा.

"मुलगी एकटी रानात कशी जाणार?" हा पुढचा प्रश्न नेहमी दबक्या आवाजात येतो. एकटी जात नाही. कुणीच एकटं जात नाही, मुलगेही नाही. तो आमचा नियम आहे. मी गेली वीस वर्षं हिंडते आहे, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात. घरचे आधी काळजी करायचे, आता येताना चिंबोऱ्या आण म्हणतात.

तुमचे निबंध इंग्रजीत. आम्हाला कळणार कसं?

तक्रार रास्त आहे. बढती इंग्रजी नियतकालिकांतल्या निबंधांवर मिळते, मराठीतल्या लेखाला गुण जवळजवळ नाहीत. प्रबंध पाहायचे तर 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरच्या विद्यापीठांचे फुकट वाचता येतात. तुमच्या तालुक्याचं नाव टाकून शोधा, तुमच्याच नदीवर कुणी पीएचडी केलेली निघेल आणि गावात कुणाला पत्ताही नसेल. आमच्या विभागात आम्ही एक रीत पाडली आहे : ज्या वाडीत मोजलं त्या वाडीत काम संपल्यावर एक संध्याकाळ जायचं आणि देवळाच्या सभामंडपात तक्ते लावून मराठीत सांगायचं. पहिल्या वेळी एका आजोबांनी उठून आमचा नकाशाच दुरुस्त केला. एक झरा आम्ही चुकीच्या वहाळावर दाखवला होता.

आम्हाला घरी बसून काही करता येईल का?

येईल, आणि ते आम्हाला यंत्रांपेक्षा जास्त हवंय. पावसासाठी सरळ उभ्या भिंतींचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि पागोळीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला पट्टीने आतलं पाणी मोजा. डब्याचं तोंड लहान आहे की मोठं याने फरक पडत नाही. भिंती मात्र सरळ हव्यात, निमुळत्या नकोत. विहिरीसाठी दोरीला वजन बांधा आणि काठावर एका चिऱ्याला रंगाची खूण करा. दर पौर्णिमेला पंप सुरू व्हायच्या आधी त्याच खुणेपासून मोजा. झऱ्यासाठी एक हंडा भरायला किती सेकंद लागतात तेवढं लिहा.

वही शाळेची चालेल. तारीख, वेळ, आकडा, अशा तीन रेघा आखा. एखादा दिवस चुकला तर जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. आणि लिहायला शिसपेन्सिल घ्या. पेनची शाई पहिल्याच सरीत पसरते.